शेहेचाळीस सर्टिफिकेटं आणि खिडकीपाशी उभा राहणारा मुलगा

वडोदऱ्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४२. चौदा वर्षं लहान मुलांना शिकवतात, सध्या मांजलपूरकडच्या एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत नर्सरीचा वर्ग त्यांच्याकडे आहे. पगार साडेअकरा हजार. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन कोर्स करायला लागल्या, ती सवय सुटली नाही. आज मोबाइलमध्ये ४६ सर्टिफिकेटं आहेत. यंदा कोऑर्डिनेटरची जागा त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान असलेल्या सहकारी मुलीला मिळाली. मुख्य बाईंनी कारण दिलं ते एवढंच, की "तुम्ही ट्रेन्ड नाही ना." आता एक संस्था 'आंतरराष्ट्रीय माँटेसरी डिप्लोमा' देते आहे. आठ महिने, सगळं ऑनलाइन, फी ६८,००० रुपये, हप्त्यांची सोय. यजमान म्हणतात, पुरे आता. मुलगी बारावीला आहे. पत्राच्या तळाशी ता. क. आहे: "माझ्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा जूनपासून खिडकीपाशी उभा राहतो. अक्षर बोलत नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलांवर मी दोन कोर्स केलेत, तरी त्याचं काय करावं ते कळत नाही. माझं ज्ञान कमी पडतंय, म्हणूनच हा डिप्लोमा करावा असं वाटतं. करू का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा तळापासून वर वाचत गेले. कारण खरं पत्र तुमच्या ता. क.मध्येच आहे. वरच्या दोन पानांत फी आहे, कोऑर्डिनेटरची खुर्ची आहे, यजमानांचा वैताग आहे. खाली एक मुलगा खिडकीपाशी उभा आहे आणि तुम्ही त्याच्याकडे बघत आहात. चौदा वर्षांनंतरही न बोलणारं मूल तुम्हाला खुपतं, म्हणजे तुमच्यातली शिकवणारी बाई जागी आहे. पुढचं थोडं टोचेल, म्हणून हे आधी सांगितलं.

आधी पैशांचं उरकून घेऊ. ६८,००० म्हणजे तुमचा जवळजवळ सहा महिन्यांचा पगार. तो खर्चून वर्गात काय बदलेल, हे त्या संस्थेला विचारलंत का? मी तुमच्या जागी असते तर फोन करून एकच प्रश्न विचारला असता: या आठ महिन्यांत मला मुलांसोबत काम करताना कोण येऊन बघणार, आणि किती वेळा? उत्तर "मॅम, आमचे रेकॉर्डेड लेक्चर लाइफटाइम अ‍ॅक्सेस आहेत" असं आलं, तर फोन ठेवून द्यायचा.

माँटेसरी या नावावर कुणाची मालकी नाही, पाटी कुणीही लावावी. खुद्द माँटेसरीबाईंनी १९२९ मध्ये असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनल ही संस्था काढली. तिच्या डिप्लोमात मुलांचं निरीक्षण करायचे तास असतात, साहित्य हातात घेऊन सराव असतो, प्रत्यक्ष वर्गात काम करावं लागतं, लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते. १९३९ मध्ये बाई मद्रासला अड्यारला आल्या त्या शिक्षकांना समोर बसवून शिकवायलाच. घरी बसून बघायच्या व्हिडिओंना त्याच नावाचं लेबल लावलं की ते तसलं शिक्षण होत नाही. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाने भारतात कसली मान्यताही मिळत नाही. पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांची जी पदविका असते, डी.पी.एस.ई., तिला एन.सी.टी.ई.ची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, मान्यता लागते आणि मान्यता असलेल्या संस्थांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. बाकीचे डिप्लोमे बेकायदा नाहीत, पण तुमच्या मुख्य बाई जेवढी मानतील तेवढीच त्यांची किंमत.

आणि त्या मानणार आहेत का, हे तरी कुठे विचारलंत? "तुम्ही ट्रेन्ड नाही" हे न निवडण्याचं कारण झालं. ट्रेन्ड झालात की निवडू, असं कुणी म्हटलेलं नाही. दोन वाक्यांमध्ये ६८,००० रुपयांची दरी आहे. उद्या मधल्या सुट्टीत जाऊन विचारा: "कोणती पदविका झाली की पगार किती वाढेल, मला लिहून द्याल का?" लिहून मिळालं तर आपण पुन्हा बोलू. तोंडीच "बघू हं" झालं, तर तेही उत्तरच आहे.

कागद हवाच असेल, आणि कागदाची गरज मी नाकारत नाही, कारण बाजारात तो मागतात, तर इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा बघा. बारावीनंतर करता येतो, कमीत कमी एक वर्षाचा आहे, आणि त्यात मुलांसोबत करायचं प्रकल्पकाम असतं. प्रवेश जानेवारी आणि जुलैत. फी त्या ६८ हजारांच्या आसपासही जात नाही. मध्यमवर्गी मराठी घरात इग्नूला जरा नाक मुरडतात, मला कधी कळलं नाही का.

आता ४६ सर्टिफिकेटांकडे. एका संध्याकाळी ती सगळी उघडा आणि प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: यानंतर माझ्या वर्गात काय बदललं? 'माहिती मिळाली' हे उत्तर चालणार नाही. सतरंजीची जागा बदलली, गोष्ट सांगताना मी खाली बसायला लागले, डबा खाताना घाई करणं थांबवलं, असलं काही. पाच-सहा ओळी निघाल्या तरी कमी समजू नका. उरलेली चाळीस कशी झाली हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे: रात्री अकराला ओटा आवरून, दीडपट वेगाने व्हिडिओ पळवत, शेवटची प्रश्नमंजुषा तिसऱ्या खेपेला बरोबर येईपर्यंत. हे वाचून मी हसले, कारण अशा रात्री मीही काढल्या आहेत.

तुमची चूक म्हणून हे सांगत नाहीये. सगळी व्यवस्थाच तास मोजते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक प्रगतीसाठी द्यावेत असं म्हटलं. हेतू उत्तम. पण तास मोजायला सोपे, आणि शिकणं मोजायला अवघड; मग जे मोजता येतं तेच वाढत जातं. शिक्षकांसाठीचं सरकारी पोर्टल 'दीक्षा' २०१७ मध्ये आलं, 'निष्ठा' या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्ग २०१९ मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी ऑनलाइन गेले. मोफत आहेत, बरंच साहित्य चांगलं आहे, आणि पैसे भरून जे विकत घेतात त्याहून पुष्कळदा सरस आहे. तुम्ही उपाशी नाही आहात, ताई. तुमचं जेवण जास्त झालंय आणि पचवायला कुणी वेळ दिला नाही.

तुमच्या पत्रातलं "माझं ज्ञान कमी पडतंय" हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. चौदा वर्षांत तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून, तुम्ही कसं शिकवता हे बघून, नंतर चहा पिताना तुमच्याशी कोण बोललंय? मुख्य बाई येतात त्या भिंतीवरचे चार्ट बघायला. पालक येतात ते कपाटातले कप बघायला. तुमचं काम बघणारे डोळेच तुम्हाला मिळालेले नाहीत. माझ्या मते कमी आहे ती ही गोष्ट.

मी एक उदाहरण सांगते, माझ्याच फजितीचं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका बालवाडीत होते आणि वर्गात एक मुलगा चावायचा. मी त्याच्याबद्दल वहीत लिहिलं होतं: 'मस्तीखोर, लाडावलेला, घरी शिस्त नाही.' शेजारच्या वर्गातल्या बाईंना मी म्हटलं, जरा बसून बघा ना. त्या तीन दिवस वीस-वीस मिनिटं बसल्या आणि चौथ्या दिवशी एक कागद दिला. त्यावर विशेषण एकही नव्हतं. वेळा होत्या. दहा चाळीस, नळापाशी रांग, मागच्या मुलीचं दप्तर पाठीला लागलं, वळून चावला. दहा अडतीस, नळापाशी रांग, मागून धक्का, चावला. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, बादलीतून मगाने हात धुतले, रांग लागली नाही, चावला नाही. तो मुलगा कुणाला ठरवून चावत नव्हता. पाठीमागून अंगाला अचानक काही लागलं की चावत होता. आम्ही मुलं तिघा-तिघांनी पाठवायला लागलो आणि त्याला पुढे उभं केलं. दोन आठवड्यांत ते प्रकरण संपलं. नुकतं बोलायला लागलेलं मूल शब्दाऐवजी दात वापरतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं खोटं नव्हतं. नळ तेवढा मला दिसला नव्हता.

छोटा उदेपूरकडे अंगणवाडीताईंच्या प्रशिक्षणाला जायचे तेव्हाही हेच. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ज्या ३३ गटांमध्ये एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे अंगणवाड्यांची योजना, सुरू झाली त्यात छोटा उदेपूर होतं. २०१३ पर्यंत ते वडोदरा जिल्ह्यातच होतं. तिथे मी अडीच तास फळ्यावर वाढीचे तक्ते समजावायचे. मग चहा यायचा. चहाला एक ताई दुसरीला सांगत होती की वजनकाट्याच्या झोळीत मूल रडतं, तर झोळीत आधी आईची जुनी ओढणी अंथर, तिच्या वासाने गप्प राहतं. दुसरीने तिथल्या तिथे ते पदराला गाठ मारून ठेवलं. माझ्या अडीच तासांतलं काय कोणाच्या गाठीला राहिलं देव जाणे.

म्हणून माझा सल्ला: या टर्मला नवा कोर्स नाही. त्याऐवजी एक माणूस शोधा. तुम्ही नाक मुरडाल, पण मी त्या नव्या कोऑर्डिनेटर मुलीचंच नाव सुचवते. तिच्यावर तुमचा राग आहे हे पत्रात दिसतंच. पण तिच्याकडे ताजं शिक्षण आहे, तुमच्याकडे चौदा वर्षं मुलांमध्ये काढल्याचा अनुभव आहे, आणि तिलाही कुणी काम शिकवणार नाहीये. तिला म्हणा, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं माझ्या वर्गात बस, मी तुझ्या बसते. बसताना नियम एकच: दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं. 'हुशार', 'हट्टी', 'लाजाळू' हे शब्द बंद. नंतर दहा मिनिटं बोलायचं, आणि बोलणं ज्याचा वर्ग असेल त्याने सुरू करायचं. मुलांची पूर्ण नावं कागदावर नकोत, फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नकोत. तिने नाही म्हटलं तर दुसऱ्या शाळेतली मैत्रीण चालेल, शनिवारी तुमच्या घरी. तीनचार जणी जमल्या तर फारच छान. महिन्यातून एक बैठक, दर वेळी एकीने एकच मूल मांडायचं. खाऊ ज्याच्या घरी बैठक त्याने करायचा, पण फक्त चिवडा, नाहीतर बेत ठरवण्यातच महिना जातो.

हे मी माझ्या मनाने काढलेलं नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थी क्षेत्रकार्याला जातात, नोंदी लिहितात आणि मार्गदर्शकासोबत नियमित बसून त्या उलगडतात. सयाजीराव विद्यापीठातून समाजकार्य शिकलेलं कुणी ओळखीचं असेल तर विचारा, त्या बैठकांची धाकधूक अजून आठवत असेल. गंमत अशी की पदवी मिळून नोकरी लागली, खरी माणसं आणि खरे प्रश्न समोर आले, की नेमकी तीच बैठक बंद होते. संस्थेत काम करणारे दोन वाचक मला याच महिन्यात लिहून गेले की थकवा येतो, सुट्टी घेतली तरी जात नाही. त्यांनाही मी हेच लिहिलं: सुट्टीसोबत बैठकही मागा.

आणि आपल्या मराठी माणसांना तर याचा वारसा आहे. ताराबाई मोडक १९२३ मध्ये राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्रमुख बाई, आणि त्या बालवाडीत मुलांमध्ये बसून शिकायला गेल्या. तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, त्यातून नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. ट्रेन्ड कोण आणि अनट्रेन्ड कोण, हे तुमच्या मुख्य बाई ठरवतात त्यापेक्षा जरा गुंतागुंतीचं आहे.

वाचायला काही हवंच असेल तर एकच सुचवते, फुकट आहे: ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा. सगळा वाचू नका, जाडजूड आहे. मूल्यमापनाचं प्रकरण काढा. निरीक्षण कसं करायचं आणि प्रसंगाची नोंद कशी लिहायची हे त्यात उदाहरणांसकट आहे. खेळांची भर हवी असेल तर २०२४ चं 'आधारशिला' बघा, ते अंगणवाडीसाठी केलंय पण खाजगी शाळेतल्या मुलांची बोटंही तशीच असतात. शिवाय आपल्याच गावात विद्यापीठाच्या मानव विकास विभागाची प्रयोगशाळा-बालवाडी आहे, 'चेतन बालवाडी'. विभागाला पत्र लिहून एक सकाळ बघायला मिळेल का, एवढं तरी विचारून पाहा.

एका वाटेवर मात्र कागदाशिवाय जाऊ नका. त्या मुलाकडे बघून तुम्हाला विशेष शिक्षणाकडे वळावंसं वाटलं, तर तिथे नियम वेगळा आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे विशेष शिक्षक म्हणून काम करायला परिषदेची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी आणि नोंदणी लागते, आणि नोंदणी चालू ठेवायला पुढेही प्रशिक्षणाचे गुण जमवत राहावे लागतात. 'ऑटिझम थेरपिस्ट इन ४० अवर्स' अशा जाहिराती दिसतील. पैसे तर जातीलच, शिवाय कुणाच्या तरी मुलाची दोन वर्षं जातील.

रावपुऱ्याच्या एका ताईंनाही इथेच उत्तर देते. त्या घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात, शाळा नववीपर्यंत, आणि विचारतात की आमच्यासाठी काही आहे का. आहे. होम हेल्थ एड (घरी रुग्ण सांभाळणं) आणि जनरल ड्यूटी असिस्टंट (दवाखान्यातला मदतनीस) हे सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत, आणि आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचीही सोय सरकारच्या कौशल्य योजनेत असते. शिक्षणाची अट चौकशी करून घ्या. स्मृतिभ्रंशाचे पेशंट असतील तर ए.आर.डी.एस.आय. (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही १९९२ पासूनची संस्था त्यावरच काम करते. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७. आणि रात्रपाळी करून तुमचंच मन बसायला लागलं तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस, १४४१६, मोफत आहे. पण ताई, पहिल्या दिवशी नव्या पेशंटला उचलून खुर्चीत कसं बसवायचं हे फिजिओथेरपिस्ट आले असताना तुम्ही स्वतः करून दाखवा आणि चूक काढायला सांगा. स्वतःची पाठ वाचवणारं तेच प्रशिक्षण.

आता खिडकीतल्या मुलाकडे. त्याच्याबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या, पण त्याच्या घरची भाषा कोणती हे कुठेच नाही. वडोदऱ्यात हा प्रश्न पहिला यायला हवा. घरी मराठी किंवा भोजपुरी किंवा उडिया, जिन्यात गुजराती, आणि वर्गात "सिट डाउन, बेटा". साडेतीन वर्षांचं मूल नव्या भाषेत पडलं की काही आठवडे, कधी काही महिनेही, गप्प राहून ऐकत असतं. त्याला आजार म्हणत नाहीत. तेव्हा आधी आईला विचारा: घरी बोलतो का, किती मोठं वाक्य, कुणाशी? घरीही बोलत नसेल, हाक मारली की वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर एक दिवसही वाट न बघता कानांची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञ. सरकारी बाजूला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र हेच काम करतं, पैसे लागत नाहीत. घरी भरपूर बोलत असेल आणि इतके महिने झाले तरी शाळेत खुणेनेसुद्धा उत्तर देत नसेल, तर तेही बालमानसतज्ज्ञांना दाखवायचंच, पण 'बोल ना' म्हणून वर्गासमोर उभं करायचं नाही. आईशी बोलताना रोगाचं नाव तुम्ही घेऊ नका. जे बघितलंत तेवढंच सांगा.

यासाठी आधी बघावं लागेल. पाच दिवस, रोज दहा मिनिटं, बाकीची मुलं चिकणमातीशी खेळत असताना. खिडकीपाशी तो किती वाजता जातो, जायच्या आधी वर्गात काय चाललेलं असतं, आणि खिडकीतून काय दिसतं. तिसरी गोष्ट बघायला तुम्हाला त्याच्या उंचीवर गुडघ्यांवर बसावं लागेल. उभं राहून तुम्हाला पार्किंग दिसत असेल. त्याला कदाचित नुसतं फाटक दिसत असेल, आई गेली ते. आणि एकदा त्याच्याशेजारी तसंच बसून, त्याच्याकडे न बघता, बाहेर दिसेल त्याबद्दल त्याच्या घरच्या भाषेत काहीतरी बोला. उत्तर मागू नका.

पाच दिवसांचा तो कागद मला पाठवा. सर्टिफिकेट जोडायची गरज नाही.